फुकटचे आणि भरवशाचे

पुणे-सोलापूर मार्गावरील टेंभुर्णीच्या परिसरात गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांची रीघ लागते. काट्यावर झालेले वजन आता वहीऐवजी संगणकात टिपले जाते व मध्यवर्ती संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये, साठते. तो मध्यरात्री बंद पडला, तर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब अडून राहावयाचा. अशा यंत्राची कार्यप्रणाली दाम मोजून घ्यावी, की लिनक्ससारखी विनामूल्य मिळणारी घ्यावी? प्रश्न वरकरणी खर्चाचा दिसतो. आमच्या मते तो कर्तव्याचा आहे.

दाम मोजणारांचे म्हणणे असे की, पैसा दिला म्हणजे हाकेला ओ देणारा मनुष्य मिळतो. यात तथ्य आहे. परंतु विक्रेत्याची जबाबदारी कराराच्या कलमांपुरती असते, आणि कराराला मुदतही असते. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज सर्व्हर २०१२'चा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपविला. ज्यांची यंत्रे स्वतःच्या कचेरीत होती त्यांस पुढील सुरक्षा-दुरुस्त्यांकरिता निराळे दाम मोजणे भाग पडले. मालाची गुणवत्ता कितीही चांगली असो, तो केव्हा जुना झाला हे विकणाराच ठरवितो.

मग विनामूल्य प्रणालीत तरी निश्चिंती आहे काय? 'सेंटओएस ८'चा आधार २०२९ पर्यंत मिळेल या भरवशावर अनेकांनी ती घेतली होती. रेड हॅट कंपनीने ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर केले की, तो २०२१ अखेरीसच थांबेल. दाम दिले नव्हते, तेव्हा दाद कोणाकडे मागावयाची? मात्र मूळ संहिता खुली असल्यामुळे इतरांनी २०२१ मध्येच रॉकी लिनक्स व अल्मालिनक्स या प्रणाली उभ्या केल्या. गावविहिरीवर कोणी एकाने पहारा बसविला तरी पाणी अडत नाही, हा खुलेपणाचा मोठा गुण होय.

पण विहिरीतला गाळ कोणी काढावयाचा? लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा 'एक्सझेड' हा लहानसा आज्ञासंच प्रामुख्याने एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. मदतीच्या मिषाने कोणी दोन वर्षांहून अधिक काळ त्याचा विश्वास संपादन केला व आत चोरवाट ठेविली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, असा संशय आला आणि कपट उघडकीस आले. संहिता सर्वांना दिसत होती. पाहिली मात्र एकानेच.

तात्पर्य, दामाने दुसऱ्याचा वेळ विकत मिळतो. खुल्या परवान्याने स्वतः दुरुस्ती करण्याचा अधिकार मिळतो. काळजी वाहण्याचे काम दोहोंपैकी कशानेही टळत नाही. ज्या संस्थेजवळ जाणता मनुष्य नाही, तिने दाम देऊन आधार घ्यावा. त्यात कमीपणा नाही. जी विनामूल्य प्रणाली घेते, तिने वाचलेल्या पैशाचा काही भाग गावातीलच एखाद्या होतकरू तरुणास तयार करण्यात आणि काही भाग त्या दूरच्या स्वयंसेवकांना साह्य करण्यात खर्चावा. फुकट मिळालेल्या वस्तूचे ऋण असते. ते जो मानतो, त्यालाच तिच्यावर भरवसा ठेवण्याचा अधिकार पोहोचतो.