कुळाचे भाग्य आणि वूल्सथॉर्पचे न्यूटन

न्यूटनचे नाव घेतले की सफरचंद आठवते. शाळेच्या पुस्तकातील त्या चित्रात झाड असते, झाडाखाली विचारमग्न तरुण असतो आणि फळ नुकतेच पडलेले असते. परंतु ते झाड कोणाच्या जमिनीत होते, ती जमीन कोणी मिळवली, कोणी राखली आणि अखेर कोणी घालवली, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमची उमेदीची सारी वर्षे राज्याच्या महसूल खात्यात गेली. त्यामुळे असेल, आम्हांस फळापेक्षा शेताची चौकशी अधिक सुचते.

तहसील कचेरीत फौती नामांतरणाची प्रकरणे येतात. कोण वारले, मागे कोण वारस, कोणाचा किती हिस्सा, एवढ्या तीन प्रश्नांत एका पिढीचा निकाल लागतो. अशी शेकडो प्रकरणे हातावेगळी करताना पक्षकारांच्या तोंडून एक वाक्य आम्ही वारंवार ऐकले : "आजोबांनी कमावले, बापाने राखले, नातवाने बुडवले." ऐकायला ते सुटसुटीत वाटते, पण ते खरे आहे काय? कुळ वर चढते किंवा खाली येते, त्याचे श्रेय आणि दोष नेमके कोणाच्या खाती मांडायचे? हा प्रश्न आमच्या घरातही आहे. त्याकडे शेवटी येऊ. आपल्या घराचा हिशेब करताना मन तटस्थ राहत नाही. म्हणून आधी एक परके घराणे घेऊ. त्याचे कागदपत्र उपलब्ध आहेत आणि त्याच्या उत्कर्षाशी वा अपकर्षाशी आपला काडीचाही संबंध नाही.

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात ग्रँथम गावाच्या आसपासचा मुलूख चुनखडीचा व मेंढपाळीचा. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या कर-यादीत तेथील वेस्टबी खेड्यातील सायमन न्यूटन हे नाव सापडते, आणि तेही सर्वांत कमी कर भरणाऱ्यांच्या रांगेत. पुढच्या पिढ्यांत हेच घराणे पायरी पायरीने वर येते. साध्या कुणब्याचा मुलगा 'येओमन' म्हणवू लागतो. येओमन म्हणजे स्वतःच्या जमिनीचा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. जमीनदार उमरावांच्या खालचा, पण मजुराच्या पुष्कळ वरचा. त्याच घराण्यातील जॉन न्यूटनने आपल्या रिचर्ड नावाच्या मुलासाठी वूल्सथॉर्प येथे शेती विकत घेतली. रिचर्डचा मुलगा रॉबर्ट याने १६२३ मध्ये वूल्सथॉर्पचे मॅनरच खरेदी केले. मॅनर म्हणजे नुसते घर व शेत नव्हे. गावातील लहान कुळांवर काही हक्क आणि किरकोळ न्यायनिवाड्याचा अधिकार त्याबरोबर येई. आपल्या भाषेत छोटीशी जहागीरच म्हणा ना!

रॉबर्टचा मुलगा आयझॅक याचे लग्न एप्रिल १६४२ मध्ये हॅना आयस्कॉ हिच्याशी झाले आणि ऑक्टोबरात तो वारला. मृत्युसमयी त्याच्याजवळ २३४ मेंढ्या, ४६ गुरे आणि सुमारे ४५९ पौंडांची चीजवस्तू होती. त्या भागातील साध्या शेतकऱ्याच्या मानाने हे वैभवच. आणि या मॅनरच्या मालकाला स्वतःची सही करता येत नव्हती. त्याच वर्षी, जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळच्या दिवशी, त्याचा मुलगा जन्मला. बापाचेच नाव त्याला मिळाले. तोच जगाला ठाऊक असलेला न्यूटन.

मूल तीन वर्षांचे असताना आईने पुनर्विवाह केला. वर शेजारच्या नॉर्थ विदमचा वयस्क धर्मोपदेशक होता. लग्नाच्या करारात मुलाच्या नावे जमिनीचा एक तुकडा लिहून घेण्याची दक्षता तिने घेतली, पण मूल मात्र आजीपाशी ठेवले. जमिनीची सोय झाली, मायेची राहिली. तो सल न्यूटनने मोठेपणीही विसरला नाही. दुसरा नवरा १६५३ मध्ये वारल्यावर ती तीन मुले घेऊन वूल्सथॉर्पला परतली. आणखी सहा वर्षांनी तिने थोरल्याला ग्रँथमच्या शाळेतून काढून शेतीवर आणले. त्याला सतरावे वर्ष चालू होते.

हा मुलगा शेतकरी म्हणून पूर्णपणे नालायक ठरला. ऑक्टोबर १६५९ मधील मॅनर-न्यायालयाच्या दप्तरात त्याच्या नावे दंडाची नोंद आहे : मेंढ्यांनी नुकसान केले म्हणून ३ शिलिंग ४ पेन्स, डुकरे लोकांच्या उभ्या धान्यात शिरली म्हणून १ शिलिंग, आणि कुंपण मोडके ठेवले म्हणून आणखी १ शिलिंग. ग्रहांच्या कक्षा ज्याने पुढे बांधून दिल्या, त्याला आपली डुकरे आवरता आली नाहीत! अखेर मामाने, जो स्वतः केंब्रिजचा पदवीधर होता, आणि शाळेच्या मुख्याध्यापकाने आईची समजूत घातली. मुख्याध्यापकाने फीदेखील सोडून दिली. मुलगा शाळेत परतला आणि १६६१ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. आई सधन असूनही, श्रीमंत विद्यार्थ्यांची कामे करून शिकणाऱ्यांच्या वर्गात. प्लेगमुळे १६६५ मध्ये विद्यापीठ बंद झाले तेव्हा तो याच घरी परतला. पुढील दोन वर्षांत गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवरील त्याच्या विचारांचा पाया येथे घातला गेला. सफरचंदाचे झाड ते याच घराच्या आवारातले.

पुढचा भाग नामांतरणाचा. न्यूटन मार्च १७२७ मध्ये वारला. लग्न नाही, मूल नाही आणि आश्चर्य म्हणजे मृत्युपत्रही नाही. सुमारे ३२ हजार पौंडांची चल संपत्ती सावत्र भावंडांच्या आठ मुलांत वाटली गेली. जमीन मात्र त्यांना मिळेना. कारण सावत्र रक्ताला जमिनीचा वारसा तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात नव्हता. ती गेली बापाच्या भावाच्या वंशातील एका जॉन न्यूटनकडे. दारू, घोड्यांच्या शर्यती आणि कोंबड्यांच्या झुंजी हे त्याचे उद्योग होते, असे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. पाचसहा वर्षांतच मॅनर विकले गेले. १७३३ मध्ये ते टर्नर नावाच्या घराण्याकडे आले आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ त्यांच्याकडे राहिले. १९४३ पासून ते नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. १८२० मध्ये वादळात कोसळलेले ते झाड मुळांपासून पुन्हा फुटले; आजही तेथे उभे आहे.

आता श्रेय-दोषाचा हिशेब मांडू.

पहिली बाजू कमावणाऱ्यांची. वेस्टबीचे न्यूटन कष्टाळू व धोरणी असणारच. आळशाच्या घरी २३४ मेंढ्या होत नाहीत. परंतु सोळाव्या शतकात इंग्लंडची लोकसंख्या वाढत होती, धान्य महाग होत होते. ज्याच्याजवळ स्वतःची जमीन व विकण्याजोगा माल, तो वर आला. जो रोजंदारीवर, त्याची मजुरी महागाईपुढे तोकडी पडत गेली. शेजारच्या मजुराने न्यूटनांपेक्षा कमी घाम गाळला, असे कोण म्हणेल? एकाच वाऱ्याने एकाचे शीड भरले आणि दुसऱ्याची होडी उलटली. तेव्हा कुळाच्या चढतीत कर्तृत्व असते हे खरे, पण त्या कर्तृत्वाला काळाची साथ असते, हेही तितकेच खरे. चढतीच्या काळातील वारसाने नम्र असावे, याचे कारण एवढेच आहे. त्यात शिष्टाचाराचा भाग नाही. तो वस्तुस्थितीचा भाग आहे.

दुसरी बाजू आईची. हॅनाला आपण सहज दोष देतो : एवढ्या बुद्धिमान मुलाला मेंढ्यांमागे धाडले! पण तिच्या जागी उभे राहून पाहावे. पहिल्या नवऱ्याची ती एकमेव निशाणी. चार पिढ्यांनी जोडलेले त्याच्या हाती द्यायचे. तो मुलगा जन्मतःच त्या जमिनीचा देणेकरी. तिने केले ते कर्तव्यच होते. तिचे मोठेपण असे की वर्षभरात तिला कळून चुकले, आणि कळल्यावर तिने आपला हट्ट सोडला. वारसा पुढे नेण्यासाठी मुलगा नसतो. मुलाला पुढे जाता यावे म्हणून वारसा असतो. हे त्या बाईने कोणत्या शब्दांत ओळखले कोण जाणे, पण तिच्या होकारावर केवढे शास्त्र उभे राहिले! निरक्षर बापाच्या मेंढ्यांनी मुलाला जे दिले, ते शेतीचे ज्ञान नव्हते. शेतीत नालायक ठरण्याची मोकळीक दिली. मजुराच्या मुलाला ती चैन परवडली नसती.

तिसरी बाजू घालवणाऱ्याची. जॉन न्यूटनला कोणी निर्दोष म्हणणार नाही. परंतु त्याचा दोष कोणता? जमीन विकणे हाच दोष असेल, तर ज्याने कधी त्या जमिनीत रस घेतला नाही आणि तिची व्यवस्था न लावता जो गेला, त्या थोर पूर्वजाला काय म्हणावे? विश्वाची व्यवस्था सांगणाऱ्याने आपल्या गावच्या घराची व्यवस्था कायद्याच्या योगायोगावर सोपवली. शिवाय, विकली गेली म्हणून वास्तू नष्ट झाली काय? उलट, परक्या घराण्याने ती सांभाळली. कुळ टिकणे आणि वास्तू टिकणे या दोन गोष्टी आपण एकच मानतो. वूल्सथॉर्पला त्या सरळ वेगळ्या झालेल्या दिसतात. आमच्या मते जॉनचा दोष विकण्याचा नव्हे. विकून आलेल्या पैशातून त्याने कोणालाच मोकळीक दिली नाही, स्वतःलाही नाही, हा त्याचा दोष.

न्यूटनच्या बाबतीत आम्हांस सर्वांत बोचते ती गोष्ट आणखी निराळी आहे. १७०५ मध्ये 'सर' ही पदवी मिळाल्यावर त्याने सरकारी वंशावळ-कचेरीत आपली वंशावळ सादर केली आणि एका उमराव न्यूटन घराण्याचे, दोन हाडे आडवी-तिरपी असलेले कुलचिन्ह वापरले. पुराव्यावाचून शब्द न मानणारा हा माणूस. त्यालाही सही न येणारा बाप पुरेसा वाटला नाही!

वाचकहो, येथे हसू आले तर ते आवरावे. आपणा देशावरून, कोकणातून इकडे आलेल्या घराण्यांची कुलवृत्तांते आठवून पाहावीत. प्रत्येकाचा मूळ पुरुष शिंदे-होळकरांच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून आलेला. मग घोड्याला दाणा-वैरण घालणारे, भटारखान्यात राबणारे, पायी चालत आलेले सगळे निर्वंश झाले काय? आमच्याही वृत्तांतात दोन पिढ्यांची केवळ नावे आहेत, तपशील नाही. नोकरीत असताना आम्ही जुने दप्तर मुद्दाम काढून पाहिले. आमच्या पणजोबांनी माळव्यात अठरा बिघे जमीन घेतली, त्या कागदावर त्यांचा अंगठा आहे.

त्या अठरा बिघ्यांपैकी आपला हिस्सा आमच्या थोरल्या चुलत बंधूंनी १९९४ मध्ये विकला आणि त्यातून मुलींची शिक्षणे केली. आम्ही त्यांना "बुडवणारे" म्हटले, तेही चारचौघांत, आणि पुढे कित्येक वर्षे येणे-जाणे ठेवले नाही. आम्ही आमचा हिस्सा राखला. म्हणजे बटाईने दिला, आणि वर्षातून दोनदा जाऊन बांधावर उभे राहिलो. त्यांच्या हिश्श्यात आज घेणाऱ्याची विहीर आहे, सोयाबीन आणि गहू आमच्या शेतापेक्षा जोमदार येतो. जमिनीची सेवा कोणी केली? आमच्या सातबाऱ्याच्या, म्हणजे इकडच्या खसऱ्याच्या, अभिमानाने की त्यांच्या 'पापा'ने? दादा चार वर्षांपूर्वी गेले. हे त्यांना सांगायचे राहून गेले.

आता आमचा मुलगा विचारतो की जमिनीचे काय करायचे. पूर्वी आम्ही रागाने उत्तर दिले असते. आता एवढेच सांगतो : राखायची तर कसणाऱ्याच्या डोळ्यांनी राख, विकायची तर त्या पैशाने कोणाला मोकळीक देतोस ते आधी ठरव, आणि काही झाले तरी व्यवस्था लिहून ठेव, योगायोगावर सोडू नकोस.

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचे घाटत आहे. त्यात पणजोबांच्या नावापुढे 'निरक्षर. अठरा बिघे जमीन घेतली' एवढी एक ओळ घालावी, असे आम्ही संपादकांस कळवले आहे. घरातील काहींना ते रुचलेले नाही. परंतु आमची पदवी, आमची नोकरी आणि हा लेख लिहिण्याइतका फुरसतीचा वेळ त्याच अंगठ्याखाली नोंदलेला आहे, अशी आमची खात्री आहे.