चौघांनी पाहायचं गाव

आज घाई बाजूला ठेवा. सोनपेठला आपल्या घरी, ओट्यावर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर, जिथे असाल तिथे नीट टेकून बसा. हे सावकाश वाचायचं आहे. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, पुढचं कुठे जात नाही.

आता तीन माणसं मनात आणा. शाळेत एका बाकावर बसलेली असोत, शेताला शेत लागून असलेली असोत, नाहीतर नोकरीत जोडलेली. अट एकच. त्यांच्याजवळ गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं व्हायला नको. नावं लगेच सुचली नाहीत तर वाट पाहा. एखादं नाव बऱ्याच वर्षांनी वर येईल. त्याला येऊ द्या.

मोरोक्कोतल्या फेज शहराची चित्रं आता आपल्याकडच्या पोरांच्या मोबाइलवरही दिसतात. बाराशे वर्षांचं जुनं शहर. अरुंद बोळांचं जाळं असं, की आत मोटार शिरतच नाही. ओझी गाढवाच्या पाठीवरून जातात, कातडं रंगवायच्या गोल कुंडांत माणसं गुडघाभर रंगात उभी असतात. मित्रांसोबत अशा शहरात एक दिवस भटकावं, असं वाटणं मला फार खरं वाटतं. ती इच्छा झटकू नका, फक्त जरा निरखून पाहा. तिच्या आत नेमकं काय आहे? जुनेपणाची ओढ आहे, सावलीची आहे, वाट चुकण्याची मोकळीक आहे आणि सोबत आहे. एवढं सगळं आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, अंबाजोगाईत आहे.

अंबाजोगाई आपल्याला माहीत आहे, असं आपण म्हणतो. पण आपण तिथे जातो ते बहुधा दवाखान्यासाठी. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाच्या वैद्यकीय महाविद्यालयात कुणीतरी ॲडमिट असतं. डबा पोचवायचा, रिपोर्ट घ्यायचे, शेवटची गाडी गाठायची. नाहीतर योगेश्वरीचं दर्शन, ओटी, आणि परत. गाव पाहायचं राहून जातं. आज मनानं ते गाव पाहू.

सकाळ धरा. शिदोरीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आहे. आपली वाण नदी बालाघाटाच्या डोंगरातून उतरते आणि पुढे गोदावरीला मिळते. आपण आता ती जिकडून येते त्या डोंगराकडे निघालो आहोत. परळीत औष्णिक केंद्राची धुरांडी लांबूनच दिसतात. वैजनाथाला गाडीतूनच हात जोडा. पुढे घाट लागतो. चढ सुरू झाला की बोलणं आपोआप कमी होतं, ते तसंच कमी होऊ द्या. श्वासाकडे लक्ष द्या, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याकडे द्या. वर पोचल्यावर हवा जरा हलकी लागते.

गाडीतून उतरलात की पायीच चाला. मंडी बाजाराच्या बाजूनं जुन्या वस्तीत शिरा. रविवार पेठ, गुरुवार पेठ अशी नावं विचारत जा. चौघांपैकी एकाला पुढे राहू द्या, आणि तो चुकला तर त्याला टोकू नका. जुन्या गावाचे बोळ पावलांच्या मापानं पडलेले असतात. दगडी जोती, वर मातीच्या भिंती, मध्येच नवी सिमेंटची इमारत, तिच्या पायथ्याशी एखादा कोरीव दगड पायरी होऊन बसलेला. त्या दगडाजवळ थांबा. तो कुठल्या मंदिराचा असेल, याचा अंदाज बांधू नका. एवढंच पाहा की चौघांतल्या एकाला तो दिसला आणि तिघे त्याला ओलांडून पुढे गेले होते.

आजच्या मननाचं मूळ इथे आहे. सावकाश घ्या. दगड सगळ्यांसाठी सारखाच असतो, पण प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी थांबतो. ज्याचे वडील गवंडी होते तो सांध्याकडे पाहील. शेतीतला माणूस आधी विहिरीत डोकावेल. शाळामास्तर शिलालेखाकडे वळेल. चौथा कदाचित काहीच पाहणार नाही, ओट्यावर बसलेल्या म्हातारीशी बोलत बसेल, आणि गावाची निम्मी माहिती त्याच्याकडूनच कळेल. एकट्यानं गेलो तर आपण आपल्या सवयीचंच पाहून येतो. सोबतीमुळे आपल्याला नको तिथे थांबावं लागतं. त्या थांबण्याचा कंटाळा आला तर कंटाळ्यासकट थांबा.

आता हत्तीखाना. जयंती नदीच्या बाजूला खडकात खोदलेली ही शिवलेणी. अंगणात दगडी हत्ती, नंदीचा मंडप आणि समोर मोठं दालन, सुमारे ९० फूट लांब आणि ४५ फूट रुंद, ३२ खांबांचं. आत जाताच अंगाला गारवा लागतो. डोळ्यांना वेळ द्या, अंधार हळूहळू फिकट होईल.

खांबाजवळ बसा. खांब बांधलेला नाही, हे आधी मनात नीट ठसू द्या. आधी अखंड खडक होता. भोवतालचा दगड काढत गेले आणि जो काढला नाही, तो खांब झाला. छतापासून जोत्यापर्यंत एकच दगड, कुठे सांधा नाही. बांधकामात वेडावाकडा बसलेला दगड काढून दुसरा बसवता येतो. इथे एक ढलपी चुकीची उडाली की ती गेलीच. पृष्ठभागावर छिन्नीच्या रेघा शोधा. कुठे त्या एका दिशेनं जातात आणि मध्येच तिरक्या होतात. तिथे कदाचित हात बदलला असेल, कदाचित तोच हात थकला असेल. शेजारी दुसरा माणूस पुढच्या खांबावर काम करत होता, त्याच्या छिन्नीचा आवाज याच्या कानावर पडत होता. एका माणसाचं हे काम नव्हे. तळवा त्या रेघांजवळ न्या, दगड न घासता, आणि सोबत्याला हाक न मारता तिथेच थोडा वेळ राहा.

याच दगडांची एक गोष्ट आपल्या आज्या सांगत आल्या. परळीच्या वैजनाथाशी योगेश्वरीचं लग्न ठरलं. देवी कोकणातून निघाली, वऱ्हाड अंबाजोगाईला उतरलं आणि मुहूर्त टळला. वऱ्हाड होतं तिथेच दगड झालं, हत्तीखाना म्हणजे त्यांचा जानवसा. देवी परत गेली नाही. ती कुमारिका म्हणून इथेच राहिली, आणि आजही कोकणातली कितीतरी घराणी तिला कुलदेवता मानून घाट चढून येतात. ही गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न आज नको. तिच्यातल्या वऱ्हाडाकडे पाहा. ते देवीला सोडून गेलं नाही. लग्न मोडलं तरी सोबत मोडली नाही, असं लोकांनी शतकानुशतकं सांगितलं. मला ही गोष्ट मुहूर्ताची वाटत नाही, त्या वऱ्हाडाची वाटते.

लेण्यातून बाहेर या, उन्हात जरा उभे राहा. मग खोलेश्वराच्या मंदिराकडे चला.

खोलेश्वर हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा सेनापती. सकळेश्वराचं मंदिर, ज्याला लोक बाराखांबी म्हणतात, ते १२२८ चं, त्याच काळातलं. २०२४ मध्ये तिथल्या उत्खननात आणखी दोन मंदिरांचे पाये उघडे पडले. म्हणजे आपण ज्या जमिनीवरून चालतो आहोत तिच्या खाली अजून गाव आहे. पण सेनापतीच्या पराक्रमावर आज रेंगाळायचं नाही. त्याच्या मुलांकडे या. मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत लढताना पडला. त्याची बहीण लक्ष्मी. तिनं शके ११६२ मध्ये, म्हणजे १२४० साली, भावाच्या स्मरणार्थ इथे मंदिर उभं केलं आणि तसा शिलालेख राहिला.

इथे बराच वेळ थांबा. तारखा विसरा. भाऊ गेल्याची बातमी कितीतरी दिवसांनी घाट चढून या गावात आली असेल. ती कुणी सांगितली, लक्ष्मी तेव्हा कुठे उभी होती, काहीच उरलेलं नाही. उरलं आहे ते तिचं नाव आणि त्याचं. दगडावर लेख कोरवण्याचा मान तेव्हा बहुधा राजांचा, सेनापतींचा. त्यात एका बहिणीचं नाव आपल्यापर्यंत पोचलं, जवळजवळ आठशे वर्षांनी. फेजमध्येही परंपरा असंच सांगते. फातिमा अल् फिहरी नावाच्या बाईनं वडिलांच्या वारशातून ८५९ साली करवीयीन मशीद बांधवली आणि तिथे पुढे मोठं विद्यापीठ वाढलं. दोन बाया, एकमेकींचं नावही न ऐकलेल्या. एकीनं बापाचा पैसा दगडात घातला, दुसरीनं भावाची आठवण. तुमच्या मनात या घडीला कुणी गेलेलं माणूस आलं असेल, तर त्याला बाजूला सारू नका. सोबतच्यांना नाव सांगावंसं वाटलं तर सांगा.

सावलीत बसून दशम्या सोडा. खाताना मोरोक्कोच्याच एका माणसाबद्दल बोलू, कारण तो आपल्या मुलखात येऊन गेला होता. इब्न बतूता. जन्म १३०४, गाव तंजा. १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी तो घरातून निघाला, आणि बरोबर कुणीही सोबती नव्हता, हे त्यानं पुढे स्वतःच सांगून ठेवलं आहे. १३४२ मध्ये दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला आणि वाटेत देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, थांबला. किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजराहून मोठे उंदीर असल्याचं त्यानं ऐकलं. गाणारणींचा बाजार पाहिला, वर्षातून दोनदा येणारी द्राक्षं आणि डाळिंबं पाहिली. तिथून नंदुरबारकडे गेला आणि तिथल्या मराठ्यांचं जेवणखाण आणि सोवळं टिपलं.

एवढं जग पाहूनही त्याचं पुस्तक एकट्यानं झालं नाही. पुढे फेजमध्ये सुलतान अबू इनानच्या हुकमावरून तो आठवेल तसं बोलत गेला आणि इब्न जुझय नावाचा लेखक ऐकून लिहीत गेला. १३५५ मध्ये ते पुरं झालं. तो ऐकणारा माणूस मला त्या सगळ्या प्रवासाइतकाच मोठा वाटतो. समोर बसून कुणी ऐकलं म्हणून आपली चौदाव्या शतकातली देवगिरी आज वाचायला मिळते. तुमच्या चौघांत ऐकणारा कोण आहे, ते पाहा. त्याला आज थोडं बोलू द्या.

दुपार कलली. दासोपंतांची पासोडी याच गावात जपलेली आहे. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. गीतेवर त्यांनी सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव रचला असं म्हणतात, आणि सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद जाड कापडावर पंचीकरण लिहून काढलं. ते कापड डोळ्यांसमोर आणा. अक्षरांच्या ओळी चालल्या आहेत, त्यांच्यासोबत आकृत्या आहेत. चारशे वर्षांची शाई. आता कल्पना करा की ती पासोडी पूर्ण उलगडायची आहे. एका माणसाला ते जमणार नाही. एकानं टोक धरायचं, एकानं गुंडाळी सोडत जायचं, मध्ये दोघांनी हाताचा आधार द्यायचा, नाहीतर कापडाला ताण बसेल. वाचायला एक जण पुरतो. उलगडायला चौघे लागतात.

शेवटी गावाबाहेर, दरीतल्या मुकुंदराजांच्या समाधीकडे. त्यांचा विवेकसिंधू हा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे ११८८ चा, ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधीचा. मुकुंदराजांवर विदर्भातलं आंभोरेही हक्क सांगतं, आणि अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही. तुम्ही त्या वादात पडू नका. उतरा आणि बसा. इथे काही समजून घ्यायचं नाही. मराठीत विचार करता येतो, हे ज्यानं इतक्या आधी धरलं, त्याच्या जवळ मराठीत गप्प बसायचं.

एवढं मनात झालं असेल तर आता ते पायांनी करा. सोनपेठहून परळीला आणि परळीहून अंबाजोगाईला एस.टी. मिळते. मार्गशीर्षात योगेश्वरीची यात्रा असते, रीघ लागते. सावकाश पाहायचं असेल तर ते दिवस सोडून जा. पासोडी पाहायची असेल तर आधी विचारून, वेळ ठरवून जा. एका दिवसात सगळं उरकू नका, दोनच जागा झाल्या तरी चालेल. आणि हत्तीखान्याच्या खांबावर खडूनं किंवा खिळ्यानं नाव लिहिण्याचा मोह सोबत्यांपैकी कुणाला झाला, तर त्याचा हात धरा.