बाहुलीतला हात बदलतो तेव्हा

1955 साली वॉशिंग्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रासाठी अठरा वर्षांच्या जिम हेन्सनने आईचा जुना हिरवट कोट कापून एक बाहुला शिवला. पिंगपाँगचा चेंडू मधोमध कापून त्याला डोळे केले. त्याचं नाव कर्मिट. पुढे कर्मिट बेडूक झाला, गाऊ लागला, ‘मपेट्स’ या भल्यामोठ्या गोतावळ्याचा कारभारी झाला. तो मूळ बाहुला आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. त्याची निगा उत्तम राखली जाते; पण तो बोलत नाही, कारण त्याच्यात हात नाही.

लोकांच्या मनात घर करून बसलेली जुनी कलाकृती पुन्हा उभी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार करताना मला हीच साधी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बाहुली जपता येते, विकता येते, तिचे हक्क विकत घेता येतात. तिला बोलतं करायचं तर मात्र तिच्यात कुणीतरी हात घालावा लागतो, आणि पहिला हात गेला की दुसरा तयार असावा लागतो. सध्या जुन्या मालिकांचे, जुन्या पात्रांचे नवे अवतार जगभर निघताहेत. त्यांतले बरेचसे लोकांच्या आठवणींवर चार दिवस चालतात आणि विरून जातात. 2011 साली आलेला ‘द मपेट्स’ हा संगीतमय कौटुंबिक चित्रपट तसा विरला नाही. तो का जमला आणि त्यानंतरचं काय फसलं, हे आपणही नीट पाहावं असं आहे.

आधी हेन्सनने काय केलं ते पाहू. बाहुल्यांच्या खेळाला तोवर एक छोटा रंगमंच लागायचा. मागे पडदा, पडद्याआड खेळवणारा, समोर प्रेक्षक. हेन्सनने तो रंगमंच काढूनच टाकला. दूरचित्रवाणीच्या पडद्याची चौकट हाच रंगमंच, असं त्याने ठरवलं. खेळवणारा चौकटीच्या खाली राहतो, हात डोक्यावर उंच धरतो आणि जमिनीवर ठेवलेल्या मॉनिटरमध्ये बघतो. घरातल्या प्रेक्षकाला जे दिसतं तेच त्याला दिसतं. एक हात बाहुलीच्या डोक्यात, दुसऱ्या हाताने तिच्या हातांच्या काड्या सांभाळायच्या. अंगठा म्हणजे खालचा जबडा, चार बोटं म्हणजे वरचा. नवशिका बोलताना चारही बोटं उचलतो आणि बाहुलीची मान प्रत्येक शब्दाला मागे उडते. मुरलेला कलावंत फक्त अंगठा खाली सोडतो. मान स्थिर राहते, नजर ढळत नाही. त्या नजरेमागेही कारागिरी होती. डॉन साहलिन हा हेन्सनकडचा कारागीर बुबुळं नाकाच्या रोखाने किंचित आत बसवायचा, त्यामुळे बाहुली कुणाकडे तरी बघते आहे असं ठामपणे वाटायचं.

या विद्येच्या जोरावर ‘द मपेट शो’ उभा राहिला. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी तो घ्यायला नकार दिला होता. इंग्लंडच्या लू ग्रेड यांनी पैसा आणि लंडनजवळचा एल्स्ट्रीचा स्टुडिओ दिला. 1976 ते 1981 या काळात 120 भाग झाले. 1979 साली ‘द मपेट मूव्ही’ आला. त्याच्या सुरुवातीला कर्मिट दलदलीत एका ओंडक्यावर बसून बॅन्जो वाजवत गातो. ते दृश्य चित्रित करताना हेन्सन पाण्याखाली, लोखंडी टाकीत अंग मुडपून बसला होता. टाकीतून रबरी बाहीवाटे हात वर आणि समोर छोटा मॉनिटर. पॉल विल्यम्स आणि केनेथ ॲशर यांच्या त्या ‘रेनबो कनेक्शन’ गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. प्रेक्षकाला टाकी दिसत नाही, एकटा बेडूक दिसतो. तो ओंडका, ते पाणी आणि त्या बेडकाची काया मात्र खरी आहे, कॅमेऱ्यासमोर आहे, आणि मन विश्वास ठेवतं ते त्यामुळेच.

16 मे 1990 रोजी हेन्सन गेला. जिवाणूंचा संसर्ग अंगात भिनला आणि काही दिवसांत सगळं संपलं. वय अवघं 53. आपल्या स्मरणसभेला कुणी काळे कपडे घालू नयेत, असं त्याने आधीच लिहून ठेवलं होतं. त्याच्यामागे चित्रपट होत राहिले, मुलगा ब्रायनने 1992 साली ‘द मपेट ख्रिसमस कॅरल’ चांगला केला. पण गोतावळ्याचा कणा हळूहळू वाकत गेला. 2000 साली हेन्सनची कंपनी एका जर्मन उद्योगाकडे गेली, 2003 साली कुटुंबाने ती परत घेतली, 2004 साली मपेट्स डिस्नेने विकत घेतले. इतक्या हातांतून फिरल्यावर मालकीच्या कागदांना तोटा नव्हता. प्रश्न होता तो हे मपेट्स आता कुणासाठी आहेत, याचा.

त्याच सुमारास, 2004 मध्येच, याच वाटेवरचा एक प्रयोग सपशेल फसला होता. गेरी अँडरसन यांची ‘थंडरबर्ड्स’ ही ब्रिटिश मालिका साठच्या दशकात कळसूत्री बाहुल्यांवर चालली. बाहुल्यांची ती जराशी अडखळती चाल, तारांचा तो किंचित झोल यांवर एक पिढी जीव लावून बसली होती. तिचा लाइव्ह-अ‍ॅक्शन चित्रपट करताना निर्मात्यांनी बाहुल्या काढल्या आणि त्यांच्या जागी माणसं उभी केली. नावं तीच, विमानं तीच. चित्रपट आपटला. लोकांचा जीव जडला होता तो बाहुल्यांवर, आणि त्याच हद्दपार झाल्या होत्या. लाइव्ह-अ‍ॅक्शनचा अर्थ ‘बाहुलीऐवजी माणूस’ असा घेतला की काय होतं, याचा हा धडा होता.

‘द मपेट्स’ने दुसरा अर्थ घेतला: बाहुलीच्या शेजारी माणूस. लेखक आणि नायक जेसन सीगल मपेट्स बघत वाढलेल्या पिढीतला. 2008 च्या ‘फरगेटिंग सेरा मार्शल’ या स्वतःच्या चित्रपटात त्याने ड्रॅक्युलावरचं बाहुल्यांचं संगीतनाटक घातलं होतं, आणि त्या बाहुल्या हेन्सनच्याच कार्यशाळेत बनल्या होत्या. त्यानंतर त्याने निकोलस स्टोलरसोबत डिस्नेकडे मपेट्सची कथा नेली. दिग्दर्शन जेम्स बॉबिनचं, बहुतेक नवी गाणी न्यूझीलंडच्या ब्रेट मकेन्झीची.

या कथेची खरी ताकद नव्या पात्रात आहे. वॉल्टर हा गॅरी नावाच्या माणसाचा भाऊ. दोघं एकाच घरात वाढलेले. भिंतीवर दोघांच्या उंचीच्या खुणा केल्या जातात. गॅरीची खूण दर वर्षी वर सरकते, वॉल्टरची आहे तिथेच राहते. वॉल्टर बाहुला आहे, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. जुन्या ‘मपेट शो’मध्ये त्याला पहिल्यांदा आपल्यासारखं कुणीतरी दिसतं. लहानपणी एखाद्या पुस्तकात, नाटकात, गाण्यात स्वतःला भेटलेल्या प्रत्येक मुलाची ही कहाणी आहे. ज्या सात वर्षांच्या मुलीने कर्मिटला कधी पाहिलेलं नाही, तीही वॉल्टरचा हात धरून या जगात शिरू शकते. पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी शिकावी ती गोष्ट ही. जुन्या प्रेक्षकाला दार ओळखीचं असतं. नव्याला त्याच्याच उंचीचा सोबती लागतो.

दुसरं धाडस म्हणजे चित्रपटाने विस्मरणाकडे पाठ फिरवली नाही. कर्मिट मोठ्या वाड्यात एकटा राहतो. फॉझी अस्वल रेनो शहरात मपेट्सची नक्कल करणाऱ्या मंडळीत पोटासाठी काम करतो. मपेट्सचं जुनं नाटकघर वाचवायला एक कोटी डॉलर हवेत आणि त्यासाठीच्या खेळाचं प्रसारण करायला कुठलीच वाहिनी तयार नाही. तुम्ही आता कुणालाच आठवत नाही, असं एक अधिकारी बाई त्यांना तोंडावर सांगते. पहिल्या अर्ध्या तासात कर्मिट आपल्या दालनातून चालत जातो, भिंतीवरच्या तसबिरींतले जुने सोबती जागे होऊन त्याच्याबरोबर गाऊ लागतात, आणि गाणं संपल्यावर पुन्हा तसबिरी होतात. तिथे चित्रपट आपल्याला खरंखुरं दुःख देतो. आठवणींचा नुसता गोडवा विकणाऱ्याला हे दृश्य सुचलं नसतं. शिवाय शेवटी ते कोटी डॉलर जमत नाहीतच. ते हरतात, दार उघडून बाहेर येतात, आणि रस्त्यावर माणसांची गर्दी त्यांची वाट बघत असते. लहान मुलांसाठीच्या चित्रपटात पराभव इतका सरळ मांडायला हिंमत लागते.

हे सगळं पेलतं ते संगीतामुळे. बाहुलीच्या तोंडी लांब संवाद टिकत नाही. कापडी चेहऱ्याला हावभावांची मर्यादा असते. गाणं ती मर्यादा ओलांडून देतं. ‘मॅन ऑर मपेट’ या गाण्यात गॅरी आरशात बघतो तेव्हा त्याला बाहुला दिसतो, आणि वॉल्टरला माणूस. मोठं झालेल्या भावाने घर सोडायचं की धाकट्यासाठी थांबायचं, ही घरोघरची घालमेल एका गाण्यात सुटते. 2012 साली या गाण्याला सर्वोत्कृष्ट मूळ गीताचं ऑस्कर मिळालं. साडेचार कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने जगभरात सोळा कोटींहून अधिक कमावले.

तरीही फ्रँक ऑझ यांची नाराजी बाजूला सारता येणार नाही. मिस पिगी आणि फॉझी यांना मुळात घडवणारा हा कलावंत. ‘स्टार वॉर्स’मधला योडाही त्यांचाच. पटकथा पात्रांचा मान राखत नाही, असं सांगून ते या चित्रपटापासून दूर राहिले. फॉझी एका प्रसंगात पादण्याचा आवाज करणारे बूट घालतो. फॉझी विनोद करून पडतो, ओशाळतो, पण हलका होत नाही, असं मानणाऱ्याला ते खटकणारच. मला ऑझ यांचं म्हणणं त्या प्रसंगापुरतं पटतं, संपूर्ण चित्रपटाबद्दल नाही. मात्र अशी तक्रार करणारं कुणीतरी असणं ही त्या परंपरेची श्रीमंती आहे. पात्राचा स्वभाव ज्याच्या हातात वर्षानुवर्षं मुरला, त्याचा शब्द पटकथेइतकाच वजनदार धरला पाहिजे.

कारण मपेट्सची परंपरा हातातून हातात गेलेली आहे. हेन्सननंतर कर्मिट स्टीव्ह व्हिटमायर यांच्याकडे आला. 2011 च्या चित्रपटातला कर्मिट त्यांचा. 2017 पासून तो मॅट व्होगल यांच्याकडे आहे. पिगी आणि फॉझी एरिक जेकबसन यांच्याकडे आले. गॉन्झो हे पात्र मात्र ‘मपेट शो’पासून डेव्ह गोएल्झ यांच्याच हातात. वॉल्टरला खेळवणारे पीटर लिन्झ यांनी जुन्याजाणत्यांच्या शेजारी उभं राहून नवं पात्र घडवलं. घराण्याचं गाणं पुढे जातं तसंच हे: शिष्य हुबेहूब नक्कल करत राहिला तर गाणं मरतं, आणि घराणं सोडून वाटेल ते गायला लागला तरी मरतं.

पुढच्या दोन प्रयत्नांत हे भान सुटलं. 2014 च्या ‘मपेट्स मोस्ट वाँटेड’मध्ये वॉल्टर कोपऱ्यात गेला, कथा चोरी आणि तोतयेगिरीच्या गुंत्यात अडकली, कमाई जवळपास निम्म्यावर आली. 2015 साली वाहिनीवर आलेल्या मालिकेने मपेट्सना ‘मोठ्यांचं’ करायचं ठरवलं. कर्मिट आणि पिगीची ताटातूट, कचेरीतले हेवेदावे, बोचरे टोमणे. मालिका एकाच मोसमात बंद झाली. या बाहुल्यांच्या भोळेपणात मोठ्या माणसांनाही एक आसरा मिळत होता, हे तिच्या कर्त्यांच्या लक्षात आलं नाही.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव रामदास पाध्ये यांच्याकडे आला आणि आता सत्यजित पाध्ये तिसऱ्या पिढीत बोलक्या बाहुल्यांचे खेळ करतात. 1993 च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू रामदास पाध्ये यांनीच घडवला. 2013 साली महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला 2’ थ्रीडीमध्ये आणला, तेव्हा मूळ चित्रपटाचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे आपल्यात नव्हते. तरी चित्रपटगृहात बाप आणि पोरगा दोघंही त्याच बाहुल्याला घाबरले. ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी बालमालिकेचा भारतीय अवतार ‘गली गली सिम सिम’ 2006 साली आला आणि चमकी नावाची शाळकरी मुलगी आपल्या मुलांना भेटली. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपत आला आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. आपल्याकडे बाहुल्या आहेत, कथा आहेत, गाणी तर भरपूर आहेत. उणीव आहे ती खेळवणाऱ्यांच्या पुढच्या फळीची.

म्हणून जुनं काही पुन्हा पडद्यावर आणू पाहणाऱ्या निर्मात्यांना माझी विनंती आहे. हक्कांच्या करारावर सही करण्याआधी त्या बाहुलीत हात घालणारा कलावंत शोधा. त्याच्या शेजारी दोन तरुण उमेदवारीला बसवा, त्यांना वर्ष-दोन वर्षं शिकू द्या, पटकथेवर त्या जुन्या कलावंताचं मत घ्या आणि गाण्यांना पैसा कमी पडू देऊ नका. वाचकांनाही एक सांगणं आहे. या दिवाळीच्या सुटीत कोकणात उतरलात तर वाट वाकडी करून पिंगुळीला जा, मुलांना पुढच्या रांगेत बसवा, खेळ बघा आणि त्याचं मोल चोख द्या. शिकणाऱ्याला यातून पोट भरता येईल असं दिसलं, तरच या बाहुल्या पुढची पिढी बघतील.