बी कोणाचे, हात कोणाचा ?

एखाद्या घरी मोठे दुखणे आले म्हणजे शेजारीपाजारी एक वाक्य ठरलेले असते : "मांगच्या जन्माचं काही असन." बोलणारा सहज बोलून जातो, पण खाटेवरच्या जिवाला ते दुखण्याहून अधिक लागते. म्हणून आईबापांकडून मिळालेल्या देहात दोष निघाला तर दोषी कोण, आणि आपल्या हाती नेमके काय आहे, याचा शांतपणे विचार करू.

त्यासाठी दूर जावयास नको. आपल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे एक लहान शेतकरी. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानात त्यांना तीन पिवळसर, वेगळ्या लोंब्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या राशीत टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली. त्यातून आलेला बारीक तांदूळ 'एचएमटी' या नावाने दूरदूर गेला. ३ जून २०१८ रोजी दादाजी निवर्तले. आता पाहा, त्या लोंब्यांतला वेगळेपणा दादाजींनी घडविला नव्हता. निवडणारा हात मात्र त्यांचा होता. वेगळेपण आणि निवड, या दोन चाकांवरच जीवसृष्टीचा गाडा चालतो.

वाचकहो, हाच नियम आपल्या देहातही आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सिकलसेल हा आजार ठाऊक नाही असे गाव विरळा. रक्तातील हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. ते बदललेले जनुक आई व बाप दोघांकडून आले तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे ठणकतात. एकाकडूनच आले तर मनुष्य केवळ वाहक होतो; त्याला सहसा त्रास नसतो. असे घातक बी पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे ? १९५४ साली ॲलिसन या संशोधकाने आफ्रिकेत दाखवून दिले, की वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. जेथे हिवताप माजलेला, तेथे वाहकांची मुले अधिक वाचली. म्हणजे आज ज्याला आपण पापाचे फळ म्हणतो, ती पूर्वजांना लाभलेली ढाल होती ! तिचा भार एखाद्या नातवाच्या वाट्याला येतो. यात त्या पोराचा काय अपराध?

कोणी म्हणेल, आजार एकच, मग एक रुग्ण अंथरुणाला खिळतो आणि दुसरा शेतात राबतो, हे कसे ? त्याचेही कारण आहे. गर्भात असताना बाळाच्या रक्तात निराळे हिमोग्लोबिन असते आणि त्याने पेशी वाकत नाहीत. जन्मानंतर ते हळूहळू बंद होते. बंद करण्याचे काम 'बीसीएल-११ए' नावाचे जनुक करते, हे २००७-०८ च्या सुमारास उमगले. तलावात पाणी तेच; पण दार किती उघडे, यावर बांधीला किती मिळणार हे ठरते. ज्याचे हे दार जन्मतःच थोडे उघडे राहिले, त्याचा त्रास पुष्कळदा कमी असतो. हायड्रॉक्सियुरिया या गोळीनेही अनेकांत ते गर्भातले हिमोग्लोबिन वाढते. तेव्हा जन्माने आलेले सगळेच अढळ असते असेही नाही.

आता हाताकडे येऊ. देहातील पेशी जन्मभर आपली नक्कल काढीत असतात आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. वय वाढते तशा चुका साठतात. म्हणून कर्करोग उतारवयात अधिक. १९७६ साली पीटर नॉवेल यांनी मांडले, की कर्करोग एका पेशीच्या वंशात वाढतो. त्या वंशात नवनवे भेद निपजतात आणि जो भेद जास्त माजेल तो इतरांना मागे टाकतो. धानात तण माजावे तसेच हे ! सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा तासन्‌तास गालात धरणारा मनुष्य त्या नाजूक कातडीला रोज इजा करतो, नव्या चुका घडवितो आणि त्यातली बेबंद पेशी तग धरते. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केले आहे. दादाजी डोळे उघडे ठेवून बी निवडीत होते. खर्रा खाणारा डोळे मिटून तण निवडतो.

मग कर्करोगी आपल्याच करणीचे भोगतो, असे म्हणावे काय ? मुळीच नाही. ज्यांनी आयुष्यात सुपारीला हात लावला नाही अशांनाही हा रोग होतो. काही भेद नुसत्या नकलेच्या चुकीने येतात. कोणाच्या देहात कोणते कारण किती, हे खाटेशी उभे राहून कोणाला सांगता यावे ? तेव्हा करणीचा नियम स्वतःला, आणि तोही पुढच्या दिवसांसाठी लावावा. दुसऱ्याच्या मागच्या दिवसांना तो लावू नये.

यातून करावयाचे ते साधेच आहे. लग्नाआधी रक्त तपासून घ्यावे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक, हे जाणून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वाहक असणे लपवू नये. त्यात लाज कसली? खिशातली खर्ऱ्याची पुडी आजच टाकावी. आणि दुखणेकऱ्याच्या घरी जाताना ते ठरलेले वाक्य दाराबाहेर ठेवावे. दिंडीत कोणाचे पाय सुजले तर 'असे कसे झाले' म्हणून आपण त्याची झडती घेत नाही. त्याची पडशी आपल्या खांद्यावर घेतो. दुखणेकऱ्याशीही तेच वर्तन असावे.