पुढे गेलेल्याशी मैत्री

पतंजलीच्या योगसूत्रांत चित्त प्रसन्न राहावं म्हणून चार भावना सांगितल्या आहेत: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि पापी माणसाकडे उपेक्षा, हे वाचताना कुणी अडखळत नाही. अडखळायला होतं ते पहिल्या जोडीपाशी, कारण मैत्री सांगितली आहे ती सुखी माणसाशी. ज्याचं सगळं ठीक चाललं आहे त्याला आपल्या मैत्रीचं काय पडलं आहे? योगसूत्रांवरच्या भाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी याचा उलगडा केला आहे. दुसऱ्याचं सुख पाहून मनात जी ईर्ष्या साठते, ती या मैत्रीने धुऊन निघते. म्हणजे गरज त्याची नाही, आपली आहे. हे सूत्र मला आठवतं ते एका अगदी आधुनिक प्रश्नाच्या संदर्भात. आज जगभर हौशी मंडळी उपग्रह बांधतात, रॉकेटं उडवतात, गच्चीवर अँटेना उभारून अवकाशातले संदेश पकडतात आणि आपले आराखडे व प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुले ठेवतात. अशा गटांनी एकमेकांशी कसं वागावं? त्यांच्यात वैर फारसं नसतं, चुरस मात्र भरपूर असते. आपल्या देशातला पहिला, विद्यार्थ्यांनी बांधलेला पहिला, सर्वांत हलका, सर्वांत स्वस्त अशी विशेषणं मिळवण्यात बरीच शक्ती खर्च होते. तेव्हा या गटांना पतंजलीची पहिली भावना हवी आहे, आणि चौघींत तीच सर्वांत अवघड आहे.

यावर पटकन असं म्हटलं जाईल की खुलेपणा म्हणजेच मैत्री; आराखडा जगापुढे ठेवला की आणखी काय राहिलं? मला हे पटत नाही. खुल्या परवान्याखाली ठेवलेली वस्तू कुणीही उतरवून घ्यावी, बदलावी, वापरावी. देणाऱ्याला घेणाऱ्याचं नावही कळत नाही. हे औदार्य आहे आणि मोठं आहे. पण औदार्यात देणारा वरच्या पायरीवर राहतो, आणि घेणाऱ्यावर त्याच्याकडे पुन्हा पाहण्याचंही बंधन नसतं. हजार लोकांनी माझा आराखडा वापरला आणि त्यातली चूक एकानेही मला कळवली नाही, तर माझ्याजवळ हजार ग्राहक आहेत, मित्र एकही नाही. मैत्री सुरू होते ती कुणी दुसऱ्याच्या कामाला आपला वेळ दिल्यावर. तोही अशा कामाला, ज्यावर आपलं नाव लागणार नाही.

हा मुद्दा केवळ नीतीचा नाही, त्याला कक्षेच्या भूमितीचाही आधार आहे. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला 'स्वयम्' हा उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 मधून श्रीहरिकोट्याहून गेला. वजन एक किलोपेक्षाही किंचित कमी, आकार दहा सेंटिमीटरच्या घनाएवढा, आणि काम जगभरच्या हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवाल्यांचे निरोप एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवण्याचं. सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवरचा असा उपग्रह दीड तासाच्या आसपास पृथ्वीची एक फेरी मारतो. पुण्याच्या क्षितिजावर तो उगवला की फार तर दहा-अकरा मिनिटांत मावळतो, आणि असे योग दिवसातून चार-पाचच येतात. चोवीस तासांतला तासभरही तो त्याला बांधणाऱ्यांच्या नजरेत नसतो. उरलेला सगळा वेळ तो परक्यांच्या आकाशात असतो. ब्राझीलवर असताना त्याची बॅटरी उतरली, तर ते आधी कळणार ब्राझीलच्या माणसाला. म्हणून इथे एकट्याने मोठं होण्याची सोयच नाही. गावकीच्या भांडणात गावाबाहेरच्याची गरज पडत नाही. कक्षेतल्या वस्तूला मात्र सगळं जग शेजारी असतं.

1961 च्या 12 डिसेंबरला ऑस्कर-1 हा हौशी लोकांचा पहिला उपग्रह कक्षेत गेला, तेव्हाच हे दिसून आलं होतं. कॅलिफोर्नियातल्या हॅम मंडळींनी बांधलेला हा डबा मोर्स लिपीत 'हाय' एवढंच म्हणत राही. आतलं तापमान बदललं की त्याच्या बोलण्याचा वेग बदले. अठ्ठावीस देशांतल्या 570 हून अधिक लोकांनी तो आवाज ऐकून कळवला, आणि त्यांनी मोजलेल्या वेगावरून उपग्रहाची प्रकृती समजली. 5 मे 2005 रोजी इस्रोने सोडलेल्या हॅमसॅट या उपग्रहावर संदेश पकडून पुन्हा खाली पाठवणारे दोन ट्रान्सपाँडर होते, एक भारतीय हौशींचा आणि दुसरा नेदरलँड्समधल्या एका हौशी माणसाने तयार केलेला. 2014 पर्यंत तो उपग्रह चालला आणि नऊ वर्षं असंख्य अनोळखी माणसं त्याच्यामधून एकमेकांशी बोलली. 2014 मध्येच अथेन्सच्या एका हॅकरस्पेसमध्ये, म्हणजे हौशी तंत्रज्ञांच्या सामायिक कार्यशाळेत, सॅटनॉग्ज सुरू झालं. घरोघरच्या छोट्या ग्राउंड स्टेशनांचं हे खुलं जाळं आहे, आणि त्यात कुणाच्याही स्टेशनवर पकडलेला संदेश कुणालाही पाहता येतो. ॲरिस्टॉटलच्या वर्गीकरणात ही सगळी 'उपयोगाची मैत्री' ठरेल, म्हणजे उपयोग संपला की संपणारी. आक्षेप वजनदार आहे, पण हिशेब नीट मांडला तर तो टिकत नाही. पहाटे तीनला उठून दुसऱ्याच्या उपग्रहाची आठ मिनिटं नोंदवणाऱ्याला उपयोग कसला? परत मिळालं तर एखादं क्यूएसएल कार्ड, म्हणजे 'तुम्ही ऐकलंत, पोच मिळाली' एवढं सांगणारा पोस्टकार्डाएवढा कागद. गरज उपग्रहवाल्याला आहे, ऐकणाऱ्याला नाही. गरज नसताना दिलेली साक्ष ॲरिस्टॉटलच्या तिसऱ्या, सद्गुणावर उभ्या मैत्रीच्या जास्त जवळची आहे. दुसऱ्याचं काम चांगलं चालावं ही इच्छा तिथे त्याच्यासाठीच असते.

अशी सोबत नसली तर काय होतं, याचा दाखला पुण्यातच आहे, आणि योगायोग असा की तो त्याच कॉलेजातला आहे. सीओईपीचं नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' होतं त्या काळात, 1888 मध्ये, भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून तिथे वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी ती चालवली. वीस इंची ग्रब दुर्बीण, त्या काळची देशातली सर्वांत मोठी, पुण्यात होती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला नायगमवालांनी तळ ठोकला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच आले होते. आणि 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, तेव्हा वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली. माणूस कर्तबगार, यंत्र उत्तम, पैसा मिळालेला, तरी काम एका नोकरीच्या मुदतीएवढंच जगलं. सरकारी खात्याचा निर्णय होता हे खरं, पण तो निर्णय अडवील अशी मंडळी भोवती नव्हती, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. त्याच शहरात 1944 साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. तिच्यापाशी ना महाराजांची देणगी होती ना वीस इंची आरसा. होती ती हौशी माणसं. ती देशातली सर्वांत जुनी हौशी खगोलसंस्था आहे आणि आजही चालू आहे. तिकडे बंगालमध्ये जेसोरच्या खजिन्यात कारकुनी करणारे राधागोविंद चंद्र रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकांच्या संघटनेला पाठवत राहिले. आयुष्यभरात त्या 37 हजारांवर गेल्या. संघटनेने 1926 मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण समुद्रापार पाठवली. पुढे ती खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली आणि अखेर कावलूरच्या वेधशाळेत पोचली. पुण्याची दुर्बीण हलली ती माणूस निवृत्त झाल्यावर, चंद्रांची हलली ती एका निरीक्षकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. रॉकेट आणि क्षेपणास्त्र यांचं शास्त्र एकच आहे. अशा विद्येत सीमेपलीकडच्या अनोळखी गटाशी मैत्री म्हणजे भाबडेपणा, प्रसंगी गुन्हा. त्यात 1967 च्या अवकाश करारानुसार खासगी मंडळींनी अवकाशात काहीही केलं तरी जबाबदारी त्यांच्या देशाची असते. आक्षेपाचा पाया मला मान्य आहे. दिशादर्शनाचे आणि इंधनाचे तपशील कुणालाही वाटत सुटणं याला मी मैत्री म्हणणार नाही. पण हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी या प्रश्नावर एक शहाणी वाट काढून ठेवली आहे. हौशी संभाषणाचा अर्थ लपवण्यासाठी ते सांकेतिक करता येत नाही; बोलायचं ते सगळ्यांना कळेल असं बोला. याला अपवाद उपग्रहाला दिल्या जाणाऱ्या आज्ञांचा: त्या गुप्त ठेवता येतात, कारण उपग्रहाचं सुकाणू ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याच्याच हाती हवं. बोलणं उघडं आणि किल्ली आपापल्याकडे. मैत्रीला सर्वस्व उघडं करावं लागतं ही समजूत सिनेमातली आहे. शस्त्राचा धोका आज्ञांच्या आणि प्रक्षेपणाच्या बाजूला आहे, मैत्रीचं सारं काम ऐकण्याच्या बाजूला. या दोन बाजू वेगळ्या ठेवल्या की आक्षेपातला बराचसा दम निघून जातो. थोडा उरतो, तो उरू द्यावा.

दुसरी सूचना नेहमी येते की मग एकच मोठा महासंघ का करू नये? एक घटना, एक अध्यक्ष, एक बोधचिन्ह. (अध्यक्षपदावरून होणाऱ्या फुटीची तयारी आपल्याकडे स्थापनेच्या सभेतच सुरू होते, हे वेगळं.) मला वाटतं एकत्रीकरण हा मैत्रीचा कळस नव्हे, तिचा शेवट आहे. मैत्रीला दोन लागतात. आळंदीहून निघणाऱ्या पालखीत दिंड्या रथापुढच्या असतात, रथामागच्या असतात, प्रत्येकीचा क्रमांक वेगळा, वीणेकरी वेगळा, मुक्कामाची व्यवस्थाही आपापली. त्या एक होत नाहीत, आणि वाट मात्र एकच असते. ज्ञानेश्वरांनी पसायदानात जीवांची परस्पर मैत्री मागितली, पण तिच्याआधी दुष्टांचा वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी हे मागितलं. तो क्रम मला सहज आलेला वाटत नाही. आधी मनातला पीळ सुटायचा, मग चांगल्या कामाची ओढ लागायची, आणि मैत्री त्यानंतरची. आपल्या संस्था क्रम उलटा लावतात: आधी मैत्रीचा करार, हार-तुरे, छायाचित्र, आणि काम पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर.

पीळ कुठे असतो तेही उघड आहे. अथेन्सच्या गटाचा उपग्रह यशस्वी झाला तर पुण्यात कुणाच्या पोटात दुखत नाही. शेजारच्या कॉलेजचा झाला तर दुखतं, कारण प्रायोजक तेच, वर्तमानपत्र तेच आणि इस्रोच्या रॉकेटमधली जागाही तीच. पतंजलीचं सूत्र या अंतरावर लागू होतं. त्याची कसोटी अभिनंदनाच्या संदेशात दिसत नाही. ती दिसते अपयशाच्या कागदांत. यशाचा आराखडा सगळेच खुला ठेवतात. बॅटरी कुठे फुगली, अँटेना का उघडली नाही, कंपनचाचणीत कुठला स्क्रू सैल झाला, हे टिपण मात्र कपाटात राहतं, आणि पुढच्या गटाचा तोच स्क्रू पुन्हा सैल होतो. ज्याने ते टिपण शेजारच्या कॉलेजला त्यांच्या चाचणीआधी नेऊन दिलं, त्याने स्वतःच्या पुढे जाण्याची शक्यता त्यांना देऊन टाकली. ते पुढे गेल्यावर त्यांच्या उपग्रहाचा बीकन-संदेश ऐकण्यासाठी गच्चीवर चढणारा पहिला माणूस बहुधा तोच असेल.