क्षार शमतो तेव्हा काय शमते?

तीव्र आम्ल आणि धातूचे हायड्रॉक्साइड एकत्र आले की क्षार आणि पाणी मिळते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड ही त्यातली सर्वांत ओळखीची जोडी. 36.5 ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड सामावलेले द्रावण 40 ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ओतले, तर 58.5 ग्रॅम मीठ आणि 18 ग्रॅम नवे पाणी हाती येते. वजनाचा हिशेब चोख जुळतो. मिसळण्यापूर्वी दोन्ही द्रावणे कातडी जाळणारी होती. नंतर उरते ते निव्वळ खारट पाणी. पदार्थ रतीभरही हरवला नाही, दाहकता मात्र सापडत नाही. ती नष्ट झाली, रूप बदलून राहिली, की मुळात ‘असलेली’ गोष्टच नव्हती? रसायनशास्त्राच्या पुस्तकात हा प्रश्न विचारला जात नाही. भारतीय दर्शनांत तो वेगवेगळ्या वेषांत सतत भेटतो आणि एका वैद्यकग्रंथात तर थेट याच प्रक्रियेसंबंधी आला आहे.

तो ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. तिच्याकडे वळण्याआधी शब्दाची एक गाठ सोडवावी लागते. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकात ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून बनलेला पदार्थ, मिठासारखा. सुश्रुताचा क्षार याच्या उलट टोकाला आहे. तो शस्त्राऐवजी वापरायचा, मांस जाळणारा पदार्थ. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात त्याची कृती दिली आहे. वनस्पती जाळून राख करायची, ती पाण्यात कालवून गाळायची, त्यात भाजलेल्या चुनखडीची आणि शंखांची भर घालून आटवायची आणि लोखंडी भांड्यात ठेवायचे. राखेतल्या पोटॅशिअम कार्बोनेटवर चुन्याची क्रिया झाली की पोटॅशिअम हायड्रॉक्साइड बनते. म्हणजे सुश्रुताच्या हातात खरोखरच धातूचे हायड्रॉक्साइड होते. आम्ल मात्र कांजीसारखे, सौम्य.

क्षाराने जाळलेल्या जागेवर आंबट द्रव लावून दाह शमवावा, असे तेथे सांगितले आहे आणि लगेच शंकाही उपस्थित केली आहे: आम्ल स्वतः आग्नेय, क्षारही आग्नेय, मग आगीने आग कशी विझेल? उत्तर रसांच्या भाषेत येते. क्षारात आम्ल सोडून बाकीचे सगळे रस असतात, त्यांत कटू प्रधान आणि लवण त्याच्या जोडीला. आम्लाशी गाठ पडताच हा लवण रस माधुर्याकडे झुकतो, तीक्ष्णपणा टाकतो आणि पाण्याने भिजलेल्या अग्नीसारखा शांत होतो. यावरून प्राचीनांना आधुनिक रसायन ठाऊक होते असा निष्कर्ष काढणाऱ्यांची कमी नाही. तसे काही नव्हते. रसांचे हे स्पष्टीकरण आज टिकत नाही. पण उपाय लागू पडतो एवढ्यावर न थांबता तो लागू पडणे विसंगत कसे नाही, हे विचारण्याची गरज त्या वैद्याला वाटली, याचे मोल मोठे आहे.

हाच प्रश्न दार्शनिकांकडे गेला की कार्यकारणाचा वाद होतो. सांख्य सत्कार्यवादी आहेत. तिळात तेल असते म्हणूनच ते निघते, वाळूतून निघत नाही. कार्य कारणात आधीपासून असते आणि उत्पत्ती म्हणजे फक्त प्रकट होणे. नैयायिकांना हे मान्य नाही. घडा मातीत आधीच असता तर कुंभाराने चाक कशाला फिरवायचे? त्यांच्या मते उत्पत्तीपूर्वी कार्याचा प्रागभाव असतो आणि नाशानंतर प्रध्वंसाभाव. मिठाच्या पाण्याबाबत बोलायचे तर सांख्य म्हणेल, मीठ होतेच. नैयायिक म्हणेल, मीठ नव्याने जन्मले.

गंमत अशी की आयनांच्या सिद्धान्ताने या खटल्याचा निकाल दोघांत वाटून दिला. सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सोडिअमचे आयन आधीच सुटे फिरत असतात, आम्लाच्या द्रावणात क्लोराइडचे. मिसळल्यावरही ते तसेच फिरत राहतात. ‘मीठ तयार झाले’ हे शाळेतले वाक्य द्रावणापुरते तरी खरे नाही. पाणी आटवल्यावरच मिठाचे कण दिसतात. खरोखर घडते ते एवढेच की आम्लाकडचा हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइड आयनाला जाऊन मिळतो आणि पाण्याचा रेणू बनतो. जर्मेन हेस यांना 1840च्या सुमारास आढळले होते की वेगवेगळी तीव्र आम्ले आणि अल्के घेतली तरी बाहेर पडणारी उष्णता जवळपास तेवढीच असते. आजच्या मापात ती दर मोल पाण्यामागे सुमारे 56 किलोजूल आहे. नायट्रिक आम्ल आणि पोटॅशिअम हायड्रॉक्साइड घेतले तरी आकडा हलत नाही. हे कोडे 1887 मध्ये अऱ्हेनियस यांच्या मांडणीने सुटले: जोड्या वेगळ्या असल्या तरी प्रत्यक्ष क्रिया एकच आहे. बेरिअम हायड्रॉक्साइडमध्ये सल्फ्युरिक आम्ल घातल्यास मात्र बेरिअम सल्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो आणि उष्णतेचा हिशेब बदलतो, कारण तेथे उरलेले आयन प्रेक्षक राहत नाहीत. थोडक्यात, मिठाबाबत सांख्य जिंकतो आणि पाण्याच्या रेणूबाबत नैयायिक.

दाहकतेचा प्रश्न तरीही राहतो. सांख्य आणि नैयायिक दोघेही गुणाला काहीतरी खरे अस्तित्व देतात, म्हणून तो कुठे गेला हे त्यांना सांगावे लागते. रसायन दाहकतेला प्रवृत्ती मानते: हायड्रोजन आयन देण्याची एकाची, तो ओढून घेण्याची दुसऱ्याची. दोघांनी परस्परांची गरज भागवली की कातडीशी व्यवहार करायला कोणी उरत नाही. चार्वाकांच्या नावावर सांगितला जाणारा विड्याचा दृष्टान्त नेमका येथे आठवतो. पान, सुपारी आणि चुना यांत कुणाचाच रंग लाल नसतो, चावल्यावर मात्र लाली येते. भूते एकत्र आली की चैतन्यही तसेच येते. हा चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. लालीवरून आत्म्याचा निकाल लावणे घाईचे आहे, कारण रंगाचे उगमस्थान सुपारीतील द्रव्यात आणि चुन्याच्या अल्कतेत दाखवता येते, चैतन्याचे तसे दाखवता आलेले नाही. पण संयोगात दिसणारा गुण घटकांत शोधत बसू नये, एवढा मुद्दा त्यातून पक्का होतो. आम्लाच्या बाबतीत त्याची उलटी बाजू दिसते: घटकांत असलेला गुण संयोगात नाहीसा होऊ शकतो.

नाहीसा, तोही पूर्णपणे नव्हे. 25 अंश सेल्सिअसला अगदी शुद्ध पाण्यातही साधारण 55 कोटी रेणूंमागे एक रेणू फुटलेला असतो आणि हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयन समसमान संख्येने हजर असतात. ते सतत जुळतात, सतत सुटतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत् वस्तूचे लक्षण उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिहींनी मिळून सांगितले आहे, आणि या पाण्याचे वर्णन करायला जैनांची ही त्रिपदी इतर दोन्ही वादांपेक्षा जवळची ठरते: रेणू जन्मतो, रेणू मोडतो, प्रमाण टिकते. तापमान वाढवले तर फुटलेल्या रेणूंची संख्या वाढते, पण दोन्ही आयनांची बरोबरी ढळत नाही. म्हणूनच उकळते शुद्ध पाणी सामू 7च्या खाली गेले तरी उदासीनच राहते.