रुपयाचा सख्खा भाऊ

माणसाची किंमत रुपयात करू नये, असं थोर लोक सांगून गेले. रुपयाची किंमत कशात करावी हे मात्र ते सांगून गेले नाहीत. आता असल्या गहन प्रश्नात एका बी.कॉम. कारकुनाने तोंड घालावं का, असं तुम्ही विचाराल. पण तत्त्वज्ञ मंडळींना रुपयाचा सहवास फार थोडा. मला रोज दहा ते पाच असतो. रुपये दुसऱ्याचे असले म्हणून काय झालं, सहवास तो सहवास!

आपल्या रुपयाबद्दल आपण निःपक्षपातीपणे बोलू शकत नाही. म्हणून मी चौकशीसाठी त्याचा सख्खा भाऊ घेतो. हा भाऊ हिंदी महासागरात मॉरिशस नावाच्या बेटावर राहतो. आडनावभाऊ नव्हे, सख्खा. तोही रुपयाच, आणि तो इथूनच गेला.

गेला तो मजुरांबरोबर. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर आपल्याकडची माणसं करारावर जाऊ लागली. बिहारकडची, मद्रासकडची आणि मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची आपली मराठी. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. बेटावर राज्य इंग्रजांचं, मळेवाले फ्रेंच, हिशेब पौंडात नाहीतर डॉलरात. पण मजूर वाढले, तांदळाचा व्यापार वाढला आणि त्यांच्याबरोबर रुपया इतका पसरला, की शेवटी सरकारने शहाणपणा करून 1876 मध्ये कायदा केला आणि 1877 पासून रुपया हेच बेटाचं चलन ठरवलं. साहेबाचा पौंड मागे पडला आणि कुळवाड्याच्या कनवटीचा रुपया गादीवर बसला. इतिहासात असे प्रसंग फार नाहीत, म्हणून जरा थांबून सांगितलं.

चांदीचा रुपया इथलाच चाले. तिकडे पाडले ते फक्त सुटे, म्हणजे सेंट. शंभर सेंटांचा एक रुपया. आपण एप्रिल 1957 पर्यंत सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै करत बोटं मोडत होतो. धाकट्या भावाने ते झंझट ऐंशी वर्षं आधीच निकालात काढलं होतं. गाव सोडलेल्या माणसाला काही गोष्टी लवकर सुचतात. आमच्या खानदेशात मात्र नये पैसे आल्यावरही म्हातारी माणसं चार आणे, आठ आणेच म्हणत राहिली. पंचवीस पैसे 2011 मध्ये चलनातून गेले, पण ‘चार आण्याची अक्कल नाही’ हा दर अजून चालू आहे.

आता त्या पाच रुपयांकडे पाहू. मळ्यावर एक नियम होता. कामावर एक दिवस आला नाहीत तर पगार दोन दिवसांचा कापायचा. त्याला ‘डबल कट’ म्हणत. हा नियम आमच्या शाखेत लावला तर श्रावणात निम्मा स्टाफ उलट बँकेचंच देणं लागेल. पण विनोद बाजूला ठेवा. तापाने फणफणलेला माणूस पाच दिवस झोपडीत पडला तर त्याचे दहा दिवस जात. तेवढ्यात मुंबईच्या बाजारात रुपया बरोब्बर एक रुपयालाच मिळत होता आणि पोर्ट लुईसच्या बाजारातही. दर एकास एक, पैचा फरक नाही. इथे रुपया कमावणाऱ्याला तो केवढ्याला पडला आणि तिथे कमावणाऱ्याला केवढ्याला पडला, यासाठी हिशेबाच्या वहीत रकानाच नाही. मी कॉमर्सची सगळी वर्षं तो रकाना शोधत होतो असं म्हटलं तर खोटं होईल. तेव्हा मी पासिंगचे मार्क शोधत होतो. पण आता काउंटरवर बसल्यावर तो रकाना रोज डोळ्यांना दिसतो. एकच पाचशेची नोट कापूस वेचणारी बाई देते, आणि तीच प्लॉटच्या दलालीवाला देतो. मी दोन्ही एकाच गड्डीत लावतो. मशीनमधून दोन्ही सारख्याच फडफडत जातात. गड्डीला रबर लावताना बाईची नोट कुठली हे मला सांगता येणार नाही, आणि हाच पैशाचा मोठा गुण आहे की मोठा निर्लज्जपणा, हे अजून ठरत नाही.

बरं, त्या मजुराने सगळं सोसून चार रुपये शिल्लक टाकलेच, तर ते शिल्लक राहत का? 1870 च्या सुमारास रुपयाचे दोन शिलिंग येत. पुढे जगात चांदी उतरली आणि 1893 पर्यंत त्याचे जेमतेम सव्वा शिलिंग येऊ लागले. मजुराने काही केलं नव्हतं. रुपया त्याच्या गाठोड्यातून हललाही नव्हता. तरी विलायतेच्या बाजारात तो बसल्या जागी आटला!

दोन भावांच्या दराची कथा तर लग्नात भेटणाऱ्या भाऊबंदांसारखी आहे. मॉरिशसने 1934 मध्ये आपला रुपया थेट पौंडाला बांधला, दीड शिलिंगाला एक. आपलाही त्याच दराला होता. म्हणून भाऊ 6 जून 1966 पर्यंत बरोबरीने उभे होते. त्या दिवशी आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं, पावणेपाचाच्या आसपास मिळणारा डॉलर साडेसात रुपयांना झाला, आणि धाकटा एका रात्रीत मोठा दिसू लागला. पुढे 1979 आणि 1981 मध्ये त्याला आपटी बसली. त्या दशकाच्या मध्यावर काही वर्षं आपलाच वरचढ होता. तेव्हा कुणी पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. मग 1991 च्या जुलैत आपला पुन्हा घसरला. आज त्याच्या एकाला आपले पावणेदोन-दोन मोजावे लागतात. डॉलरसाहेबांसमोर मात्र दोघेही भाऊ हात जोडून उभे असतात.

यावरून पानाच्या ठेल्यावर निष्कर्ष निघतो, की तो देश आपल्याहून दुप्पट मोठा. त्याच हिशेबाने आपल्या एका रुपयाला जपानचा येन येऊन वर सुटे उरतात, मग आपण जपानच्या पुढे गेलो म्हणायचं! आणि इंडोनेशियाचा ‘रुपिया’ हा आणखी एक दूरचा नातेवाईक, तो आपल्या एकाला दीडशेच्या वर येतो. तिथला माणूस काही आपल्याहून दीडशेपट गरीब नाही. मॉरिशसचा माणूस सरासरीने आपल्यापेक्षा सुखवस्तू आहे हे खरं, पण ते त्याचा रुपया जाड आहे म्हणून नव्हे. भाव हा पायरीचा आकडा असतो. कोण किती चढला हे पाहायचं तर तो कुठल्या पायरीवरून निघाला हे आधी विचारावं लागतं.

मग किंमत नोटेवर छापलेल्या गोष्टींत असते का? मॉरिशसच्या नोटेत पाण्याची खूण म्हणून डोडो पक्ष्याचं डोकं आहे. हा पक्षी सतराव्या शतकातच नामशेष झाला. जो स्वतः टिकला नाही त्यालाच खरेपणाच्या हमीला उभा करायचा! असा जामीनदार आमच्या लोन ऑफिसरने फॉर्मसकट परत पाठवला असता. आणि नोटेवरच्या तोंडाचं म्हणाल, तर एप्रिल 1944 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांच्या आसपासचा सरकारी खजिना लुटला. त्या पैशावर तोंड इंग्रज राजाचंच होतं. राजाविरुद्ध लढायला तोच पैसा बिनतक्रार चालला.

भाषेवरून मात्र माणसं पेटतात. 1998 मध्ये मॉरिशसने नव्या नोटा काढल्या. त्यांवर इंग्रजीखाली देवनागरी आधी आणि तमिळ नंतर छापली गेली. पूर्वी तमिळ आधी होती. तमिळ मंडळी रस्त्यावर आली आणि सरकारला त्या नोटा मागे घेऊन क्रम बदलून नव्या छापाव्या लागल्या. आपल्याला हसू येईल. पण ज्यांचे पणजोबा नावाऐवजी नंबराने ओळखले गेले, त्यांना एका ओळीची वर-खाली केवढी वाटत असेल? मराठी त्या नोटेवर नाहीच. मराठी माणसाला देवनागरी ओळखीची वाटते, पण शब्द शेजाऱ्याचा, हिंदीचा. तरी तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, मराठी शिकवली जाते आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ होऊन अजून नाचली जाते. आपल्या नोटेवर मराठी पंधरा भाषांच्या पट्टीत बरोब्बर मधोमध आहे, वर सात, खाली सात. इतक्या वर्षांत ती ओळ वाचताना मी एकही गिऱ्हाईक पाहिलेलं नाही.

पण गंमत पुढेच आहे. मॉरिशसचा बाजार ज्या क्रिओल बोलीत चालतो, ती त्यांच्या नोटेवर नाही. आणि पाचकंदिलाला भाजीचा भाव ज्या अहिराणीत तुटतो, ती आपल्या नोटेवर नाही. घासाघीस, उसनवारी, ‘उद्या देस’ म्हणून केलेला वायदा, हे सगळं न छापलेल्या भाषेत चालतं. गव्हर्नरसाहेब मी अदा करण्याचं वचन देतो असं लिहून देतात ते इंग्रजी-हिंदीत. ते वचन खरं मानून बाई वांगी तराजूत टाकते ती अहिराणीत.

मागे एक म्हातारी नोट घेऊन काउंटरवर आली. नातू लग्नानंतर मॉरिशसला फिरून आला होता, त्याने आजीला तिथली शंभराची नोट दिली होती. म्हणाली, “येनं काय येस भाऊ बजारमा?” मी म्हटलं, “आजी, धुळ्यात काहीच येत नाही. तिकडे गेलीस तर आपल्या पावणेदोनशे-दोनशेचा माल येईल.” तिने नोट उलटसुलट केली. वर कोणी तमिळ पुढारी चष्म्यातून पाहत होते, त्यांना तिने बापू समजून बोट लावलं. मग डोळ्यांजवळ नेऊन देवनागरीतला ‘रु’ तेवढा ओळखला आणि म्हणाली, “रुपयाच ना रे हाऊ? मग काय येत नाही म्हणस?”

मागे रांग वाढली होती. मी पुढच्या माणसाचं पासबुक घेतलं.